मागणी वाढली की घटली? फेडच्या एका प्रश्नाचा इतिहास

आजचा इतिहास राजांचा नाही, एका प्रश्नावलीचा आहे. पण २००८ मध्ये ती नसल्याने काय झालं, ते पाहिलं की तिचं मोल कळतं.

आधी सीएमबीएस म्हणजे काय, ते बघू. ऑफिसं, मॉल, हॉटेलं यांच्यावर दिलेली कर्जं एकत्र बांधायची आणि त्या गठ्ठ्यावर रोखे विकायचे. अमेरिकेत २००७ मध्ये असे २०० अब्ज डॉलरहून जास्त रोखे निघाले. ते घेणारे फंड बऱ्याचदा तेच रोखे वॉल स्ट्रीटच्या डीलरकडे तारण ठेवून पैसे उचलत. आपल्याकडे सोनं तारण ठेवतात ना, तसंच. शंभराच्या सोन्यावर शंभर मिळत नाहीत; जी रक्कम कापून घेतात, तिला तिकडे ‘हेअरकट’ म्हणतात.

गंमत म्हणा की दुर्दैव, हा व्यवहार अगदी कमी मुदतीचा, कित्येकदा एका रात्रीचा. २००८ मध्ये घबराट पसरली, हेअरकट वाढले, फंडांना मिळेल त्या भावाला रोखे विकावे लागले. नवे सीएमबीएस निघणं जवळपास थांबलं, म्हणजे इमारतींची जुनी कर्जं फेडायला नवं कर्ज मिळेना. बँकांच्या साध्या कर्जांबद्दल फेडरल रिझर्व्ह १९६० च्या दशकापासून अधिकाऱ्यांना विचारत आलं होतं. डीलरच्या या उसनवारीबद्दल मात्र तसं नियमित विचारणारं कुणी नव्हतं.

म्हणून २०१० च्या जूनमध्ये नवं सर्वेक्षण सुरू झालं. सुमारे २० मोठ्या डीलर संस्थांना दर तीन महिन्यांनी विचारायचं : सीएमबीएस तारण ठेवून पैसे मागणाऱ्यांची मागणी वाढली, घटली की तशीच? शिवाय ३० दिवसांहून जास्त मुदतीची मागणी वेगळी विचारतात. मला हा प्रश्न २००८ चा व्रण वाटतो. रात्रीपुरते पैसे मागणारा आणि महिनाभराची सोय बघणारा, दोघांची मनःस्थिती वेगळी असते.

उत्तरांचा हिशोब सोपा आहे. समजा २० पैकी ५ जण ‘वाढली’ म्हणाले आणि २ जण ‘घटली’. २५ टक्क्यांतून १० वजा, म्हणजे निव्वळ १५ टक्के. पण जपून! मागणी १५ टक्क्यांनी वाढली, असा याचा अर्थ नाही. किती डीलरांना वाढ दिसली, एवढंच हा आकडा सांगतो.

आणि वाढ म्हणजे चांगलंच, असंही नाही. फंडांना खरेदीचा उत्साह असेल, किंवा दुसरीकडचे दरवाजे बंद झाले असतील. म्हणून मी हा आकडा कधी एकटा वाचत नाही; शेजारचं हेअरकटचं उत्तर बघतो. मागणी वाढतेय आणि अटीही कडक होतायत, तर कुणीतरी अडचणीत आहे असं समजावं.

मर्यादाही आहे. मार्च २०२० मध्ये कोरोनाने बाजार काही दिवसांत गोठवला. तीन महिन्यांतून एकदा विचारणाऱ्याला तो वेग गाठता येत नाही. पण २००८ मध्ये या कोपऱ्यात अंधार होता. आज निदान एक कंदील आहे, आणि त्याची वात दर तीन महिन्यांनी कुणीतरी वर करतं.