कारखान्यातील शेगडी

कोकणातील हिवाळा देशावरच्यासारखा अंगावर येत नाही. तथापि कुंडलिकेच्या खोऱ्यात, कोलाडच्या आसपास, पौष-माघातील पहाटे उतरलेले धुके उन्हे चढेपर्यंत हलत नाही, आणि घराच्या पडवीतच ज्यांनी आपला कारखाना थाटला त्या कारागिरांना उबेची गरज देहापेक्षा कामासाठीच अधिक भासे. गार लाकडावर सुताराचा सरस लावताक्षणीच थिजू लागतो, आणि थिजलेला सरस सांधा धरीत नाही. म्हणून सरसाचे भांडे पाण्याच्या भांड्यात बसवून मंद विस्तवावर सतत ऊन ठेवण्याची वहिवाट पडली.

कोलाडहून नागोठणे, वडखळ ओलांडून जाणाऱ्या मुंबईच्या रस्त्यावरील, गणेशमूर्ती घडवणाऱ्या पेणला हीच गरज पावसाळ्यात अधिक निकडीची होते. १८९३ पासून लोकमान्यांच्या पुढाकाराने गणेशोत्सवास सार्वजनिक रूप येऊन मूर्तींची मागणी वाढत गेली. परंतु शाडूची मूर्ती आषाढ-श्रावणातील दमट हवेत आपसूक वाळत नाही, आणि जवळून कडक आच द्यावी तर वरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो, व सोंडेच्या वळणावर किंवा कानाच्या मुळाशी चीर पडते. अशा कामाला राखेखाली दबलेला, धूर न करणारा कोळशाचा निखारा हवा. कारण जळत्या लाकडाचा धूर रंगावर काजळी धरतो.

हा कोळसा पाडणारे हात बहुतांशी कातकऱ्यांचे. खैराचा कात काढण्यावर पूर्वी ज्यांची गुजराण होती, त्या या समाजाचा रानावरील वावर १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगलखात्याच्या परवान्यांनी आवळला गेला, आणि अनेक कुटुंबे मक्तेदाराची उचल घेऊन, दिवाळीनंतर मुलाबाळांसह कोळशाच्या भट्ट्यांवर जाऊ लागली. लाकडे रचून, पाल्याने व मातीने लिंपून, आत हवा अगदी बेताची जाईल असा बंदोबस्त करून ती भट्टी कित्येक दिवस धुमसत ठेवावी लागते; कोठे भेग पडली आणि वारा शिरला, तर कोळशाऐवजी राख हाती येते, म्हणून रात्रीही कोणाला तरी जागे राहावे लागते. चार-पाच मण लाकडातून जेमतेम मणभर कोळसा निघतो. कारागिराला ऊब स्वस्त पडली ती या जागरणाला रास्त मोल न मिळाल्यामुळे, हे मला स्पष्ट नोंदवलेच पाहिजे.

ज्यांना कोळसाही परवडत नसे त्यांनी भुशाची शेगडी केली. पत्र्याच्या डब्याला खाली भोक पाडून, मधोमध बाटली उभी धरून भोवती लाकडाचा भुसा घट्ट ठासायचा, बाटली अलगद उपसायची, आणि उरलेल्या पोकळीत खालून विस्तव लावायचा. सुताराच्या घरात हे सरपण रंध्याखालीच पडलेले असे.

या सर्व प्रकारांत जीव सुरक्षित राहिला तो मुख्यतः घराच्या बांधणीमुळे. कुडाच्या भिंती, नळीची कौले व वाशांमधील फटी यांतून हवा अखंड खेळत असे, आणि निखाऱ्यातून निघणाऱ्या, ना वास ना रंग अशा कार्बन मोनॉक्साइडचा साठा होत नसे. प्राणवायू वाहून नेणाऱ्या रक्तातील द्रव्याला तो वायू चिकटतो. माणसाला प्रथम डोके जड झाल्यासारखे वाटते, मग झोप येते, आणि त्या झोपेतून तो उठेलच असे नाही. घरांवर सिमेंटचे स्लॅब पडले आणि खिडक्यांना काचा बसल्या, तेव्हा शेगडी तीच राहिली, परंतु तिचा आसरा मात्र बदलला. आणि या बदलाकडे आपल्याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही, असे माझे मत आहे. आज अनेक ठिकाणी मूर्ती हॅलोजनच्या दिव्यांखाली व पंख्यांच्या वाऱ्यावर वाळतात, आणि जेथे वीज भरवशाची आहे तेथे हेच इष्ट आहे.

तरीही ज्यांच्या कारखान्यात शेगडी पेटते, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, समोरासमोरचे दोन झरोके उघडे ठेवल्याखेरीज ती पेटवू नये, रंगाचे व टर्पेंटाइनचे डबे त्या खोलीत ठेवू नयेत, आणि विस्तव जिवंत असताना त्या खोलीत कोणीही निजू नये.