मर्जीतला शेअर

१८६४ साली मुंबईत शेअर दलाल प्रेमचंद रायचंदांकडे लोक पैसे मागायला कमी आणि आपले पैसे त्यांनी लावून द्यावेत म्हणून जास्त जात. अमेरिकेत यादवी पेटलेली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाला वाट हवी होती. बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे रेक्लमेशनचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. नव्या कंपनीचे शेअर कोणाला द्यायचे हे प्रवर्तकांच्या हातात, त्यामुळे शेअर मिळणं हीच मेहेरबानी. प्रेमचंदांनी शब्द टाकला की बँक ऑफ बॉम्बे कर्ज देई आणि त्या कर्जातून आणखी शेअर घेतले जात.

युद्ध संपलं. १ जुलै १८६५ ला वायद्याचे सौदे पुरे करायचे होते, देणारे गायब. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० पर्यंत चढलेला शेअर पुढे ८७ रुपयांवर आला. दोष बराचसा प्रेमचंदांच्या माथी गेला. त्यांच्या दारात मर्जीसाठी ताटकळलेल्यांचा हिशेब कोणी मांडला नाही.

पण तो खेळ बड्यांचा. सामान्य माणूस त्यात शिरला तो दहा रुपयांच्या शेअरमुळे. १९९२ मध्ये भांडवल उभारणीवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि नव्या शेअर-इश्यूंचा पूर आला. दलाल स्ट्रीटच्या फुटपाथवर अर्जांचे गठ्ठे विकले जात. पैसे गोळा करून पत्त्यासकट नाहीशा झालेल्या कंपन्यांची पुढे सरकारला यादीच करावी लागली.

शेअरच्या खेळांच्या या वंशावळीतली सर्वांत बोलकी शाखा मात्र नंतरची. २००४ पासून बाजारात विकलेल्या शेअरवरचा दीर्घ मुदतीचा नफा करमुक्त झाला, तो २०१८ पर्यंत. शेअरचे भाव खेळवणाऱ्या ऑपरेटरांनी त्यात धंदा शोधला. गिऱ्हाइकाने भंगार कंपनीचा शेअर मातीमोल भावात घ्यायचा, वर्षभर थांबायचं. मधल्या काळात ऑपरेटर भाव फुगवणार. मग गिऱ्हाइकाचीच रोकड कागदी कंपन्यांतून फिरून शेअर विकत घेणार. काळ्याचं पांढरं, वर कमिशन. इथे फसलेलं कोणीच नव्हतं, सरकारी तिजोरी सोडून. 'बिचारा गुंतवणूकदार' हे चित्र मला तेव्हापासून पटेनासं झालं. भाव फुगवलेला आहे हे माहीत नसलेलाही शेअर घेतला की दहा जणांना सांगतोच. भाव चढायला त्यालाही पुढचं गिऱ्हाईक लागतं.

मग शेअरच्या टिपा देणारे एसएमएस आले, टेलिग्रामचे ग्रुप आले. 'फक्त आपल्या मेंबरसाठी' म्हणजे जुनी मर्जीच, फक्त आता ती हजारोंना एकदम वाटता येते. साधना ब्रॉडकास्टचं उदाहरण घ्या. २०२२ मध्ये या कंपनीबद्दल यूट्यूबवर व्हिडिओ आले: अदानी समूह ती विकत घेणार, वगैरे. बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने मार्च २०२३ च्या अंतरिम आदेशात ते खोटे ठरवले. छोट्या भागधारकांची संख्या २,१६७ वरून ५५,३४३ झाली होती. चढ्या भावात त्यांना शेअर विकणाऱ्यांत कंपनीचे काही प्रवर्तकही होते.