एफ-सिक्स दाबा

२००९चा मे. भाट्याला मामाकडे नवा लॅपटॉप आला. आंब्याच्या पेट्यांच्या हिशोबाचं जुनं सॉफ्टवेअर व्हिस्तावर चालेना, म्हणून एक्सपी टाकायची ठरली. तर सेटअप म्हणे, हार्ड डिस्कच सापडत नाही.

भानगड तारखांची होती. एक्सपी आली ऑक्टोबर २००१ला. साटा डिस्क आणि एएचसीआय त्यानंतरचे. जुन्या सीडीला नवा कंट्रोलर ओळखायलाच येत नव्हता. मायक्रोसॉफ्टने एक वाट ठेवली होती: सुरुवातीलाच एफ-सिक्स दाबून ड्रायव्हर द्यायचा, पण फ्लॉपीवरून! लॅपटॉपला फ्लॉपी नाही, आणि मामाच्या पीसीतला ड्राइव्ह खाऱ्या वाऱ्याने केव्हाच गंजलेला. बायोसमध्ये आयडीई मोड असता तर निभावलं असतं. तोही नव्हता.

मग दादा पूल ओलांडून रत्नागिरीला गेला आणि सायबर कॅफेतून एनलाइट व ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन आला. एनलाइट सीडीतल्या फायलींमध्येच ड्रायव्हर 'टेक्स्टमोड' म्हणून बसवतं आणि नवी आयएसओ बनवतं. सगळं ७०० एमबीत मावायला हवं, म्हणून दादाने चिनी-जपानी-कोरियन फाँट काढले. देवनागरी ठेवली; मामा गिऱ्हाइकांची नावं मराठीत लिहायचा.

पहिल्या सीडीवर निळा पडदा, ७बी. ड्रायव्हर दुसऱ्याच चिपसेटचा निघाला. दुसरी सीडी बर्न होताना लाईट गेली (मे महिना, काय बोलणार). तिसरीने डिस्क दाखवली.

एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ला संपला. मामाने त्यानंतरही दोन हंगाम त्यावरच पेट्या मोजल्या.