धुराची खोली

प्रवासी बोटींचा इतिहास लिहिणारे लोक इंजिनांविषयी लिहितात, वेगाविषयी लिहितात, जेवणावळींवर तर पानंच्या पानं खर्च करतात. पण ज्याला धूर सोसत नाही अशा माणसाचं बोटीवर काय होत असे, याची नोंद शोधावी लागते. मी बॅलार्ड पियरजवळच्या एका शिपिंग एजंटाच्या कचेरीत निवृत्त होईपर्यंत कारकुनी केली, आणि दमा मला शाळेत जायच्या आधीपासून आहे. तेव्हा ही शोधाशोध माझ्याच वाट्याला येणार होती.

आपली एक समजूत असते, की पूर्वी सगळीकडे धूर होता आणि हळूहळू सुधारणा होत गेली. बोटींच्या बाबतीत तसं झालेलं नाही. शिडाच्या जहाजांवर धूम्रपानाचे नियम कडक होते. लाकूड, डांबर, दोरखंड, कॅनव्हास, आणि लढाऊ जहाज असेल तर पोटात दारूगोळा. एक ठिणगी पुरेशी होती. खलाशाला पाइप ओढायचा तर तो भटारखान्याच्या आसपास आणि परवानगीच्या वेळेतच. एरवी तंबाखू चघळायची. वाफेच्या बोटी आल्यावर त्यांवर पैसेवाले उतारू आले, आणि त्यांना रात्रीच्या जेवणानंतर सिगार हवा असे. डेकवर वारा आणि पाऊस, केबिनमध्ये आगीची धास्ती, सलूनमध्ये बायका. यातून वाट काढायला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या बोटींवर स्मोकिंग रूम ही वेगळी खोली रुळली.

ती खोली पुरुषांची. बायकांसमोर धूर सोडणं तेव्हाच्या विलायती रीतीत बसत नव्हतं, त्यांच्यासाठी लिहिण्यावाचण्याची किंवा गाण्याबजावण्याची खोली असे. कुणाच्या फुप्फुसांची कणव येऊन हा नियम झालेला नव्हता. तरी खोकणाऱ्या माणसाचा त्यात फायदा झाला. धूर कुठे राहतो हे त्याला ठाऊक होतं, त्या दाराकडे फिरकलं नाही की झालं.

१९१२च्या टायटॅनिकवर तिन्ही वर्गांना अशी खोली होती. पहिल्या वर्गाची ए डेकवर, मागच्या अंगाला. भिंती महोगनीच्या, त्यांत शिंपल्याचं जडावकाम, रंगीत काचा आणि खराखुरा कोळसा जळणारी शेकोटी. या शेकोटीचा धूर बोटीच्या चौथ्या धुरांड्यातून वर जाई. बॉयलरचा धूर पहिली तीनच धुरांडी वाहत, चौथं प्रामुख्याने हवा खेळती ठेवायला होतं. तिसऱ्या वर्गाची खोली तर थेट बोटीच्या शेपटाशी. बांधणाऱ्यांच्या मनात काय होतं कोण जाणे, पण दमेकऱ्याच्या दृष्टीने हीच जागा योग्य. बोट पुढे धावते, वारा मागे वाहतो, आणि धूर मागच्या मागे समुद्रावर जातो.

आपल्या मुंबईच्या वाटेवरही अशी एक खोली होऊन गेली. पी. अँड ओ. कंपनीची ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ १९२९ साली लंडनहून मुंबईला पहिल्या फेरीवर आली. तिची अंतर्गत सजावट कंपनीचे अध्यक्ष लॉर्ड इंचकेप यांची मुलगी एल्सी मॅके हिच्याकडे होती. पहिल्या वर्गाची स्मोकिंग रूम तिने जुन्या इंग्रज सरदाराच्या दिवाणखान्यासारखी केली, मोठी शेकोटी, भिंतीवर तलवारी, असा थाट. एल्सी वैमानिकही होती. १९२८च्या मार्चमध्ये अटलांटिक ओलांडायला निघालेल्या विमानातून ती गेली ती परत आलीच नाही, तेव्हा बोट पाण्यातही उतरली नव्हती. ज्या खोलीत रीतीप्रमाणे पुरुषांनी बसायचं, ती एका बाईने उभी केली होती.

या खोल्यांमध्ये राबायचे ते बहुतेक गोव्याचे लोक. पी. अँड ओ.च्या बोटींवर सलूनची चाकरी त्यांच्याकडे असे. मुंबईत आपापल्या गावाच्या कुडात, म्हणजे गाववाल्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, राहायचं आणि बोट मिळायची वाट पाहायची. कचेरीत माझ्या शेजारी बसणारे गृहस्थ सासष्टीचे, त्यांचे वडील विलायतेच्या बोटीवर स्टुअर्ड होते. ते सांगायचे, वडील सुट्टीवर घरी आले की आई त्यांना आधी अंगणात उभं करायची आणि कोट विहिरीकडच्या दोरीवर टाकायची. वडील स्वतः विडीलाही शिवत नसत. रात्री साहेबलोक उठून गेले की राखदाण्या उपसणं, पितळ घासणं आणि पडदे झटकणं हे त्यांचं काम. धूर जातो, पण पडदे तो सोडत नाहीत, असं ते म्हणत.

त्या खोलीत आणखी एक गोष्ट चाले, तिच्याकडे लक्ष असू द्या. पत्ते आणि पैजा. उद्या दुपारपर्यंतच्या चोवीस तासांत बोट किती मैल कापेल, यावर आकडे लागत आणि आकड्यांचा लिलाव होई. पट्टीचे पत्तेबाज केवळ याच कमाईसाठी अटलांटिकच्या फेऱ्या करत. धूर, दारू आणि जुगार हे तिघे बोटीवर एकाच छपराखाली वाढले.

धूर खोलीबाहेर आला तो पहिल्या महायुद्धानंतर. सिगार ओढायला निवांतपणा लागतो, सिगारेट चालता चालता संपते. सैनिकांना तिची सवय लागली, मग बायकांनीही ती उचलली आणि ज्या शिष्टाचारासाठी भिंत घातली होती तोच राहिला नाही. नावापुरती स्मोकिंग रूम उरली, राखदाण्या मात्र जेवणाच्या टेबलापासून केबिनमधल्या उशापर्यंत पोचल्या.

याच काळातलं एक उदाहरण समुद्रावरचं नाही, आकाशातलं आहे. १९३६चं जर्मन हवाई जहाज ‘हिंडेनबर्ग’ हायड्रोजनने भरलेलं होतं, तरी त्यात धूम्रपानाची खोली होती! दोन दारांमधून आत जायचं, आत हवेचा दाब बाहेरपेक्षा जास्त ठेवलेला, म्हणजे हायड्रोजन आत शिरू नये. लायटर एकच, तोही तिथेच बांधलेला, आणि दारावर नजर ठेवणारा माणूस. तेव्हा मनात आणलं तर एखाद्या खोलीची हवा काबूत ठेवणं त्या काळीही जमत होतं. आपल्याला फक्त उलटं हवं असतं, खोलीतला दाब बाहेरपेक्षा कमी, म्हणजे आतला धूर बाहेर पडणार नाही. हिंडेनबर्गवर आगीची भीती होती, म्हणून ते केलं गेलं.

आगीच्याच भीतीने अमेरिकेचे जहाजरचनाकार विल्यम फ्रान्सिस गिब्स झपाटले होते. १९५२ साली त्यांच्या ‘युनायटेड स्टेट्स’ या बोटीवर लाकूड म्हणावं ते पियानोत आणि खाटिकाच्या ठोकळ्यात, असं सांगतात. पडदे, खुर्च्या, चित्रं, सगळं न जळणारं. उतारू मात्र खुशाल सिगारेटी ओढत होते. ओढणाऱ्याला दोन शब्द सांगण्यापेक्षा अख्खी बोट धातूची करणं लोकांना सोपं वाटलं.

माझ्या वाट्याला आली ती कोकणची बोट. भाऊच्या धक्क्यावरून निघायचं, वाटेत रत्नागिरी, विजयदुर्ग करत मालवण. खालच्या डेकवर पथारीला पथारी लागलेली, कोंबड्या, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, आणि विड्यांचा धूर. तिथे स्मोकिंग रूम कसली नि काय. आजीचा एकच नियम होता: आधी वारा बघ, मग पथारी टाक. ती मला हाताला धरून फिरवायची आणि तोंडावर वारा येईल अशी जागा सापडेपर्यंत बसू द्यायची नाही. इनहेलर आमच्या घरी फार नंतर आला. तोवर मला वाचवलं ते या नियमाने.

दुसऱ्याच्या धुराने आपल्याला आजार होतो हे शास्त्राच्या भाषेत ठामपणे यायला १९८०चं दशक उजाडावं लागलं. १९८१ मध्ये ताकेशी हिरायामा यांनी जपानमध्ये दाखवून दिलं, की नवरा सिगारेट ओढत असेल तर न ओढणाऱ्या बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. १९८६ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने त्यावर शिक्का मारला. मग विमानांत चक्रं फिरली: अमेरिकेत १९८८ मध्ये दोन तासांपर्यंतच्या आणि १९९० मध्ये सहा तासांपर्यंतच्या देशांतर्गत उड्डाणांत बंदी आली. हवाई सुंदरी सिगारेट कंपन्यांविरुद्ध कोर्टात गेल्या आणि १९९७ मध्ये ३० कोटी डॉलरची तडजोड झाली. आपल्याकडे मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले. २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने इस्पितळं, वाचनालयं, रेल्वेसह सार्वजनिक वाहनं अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. २००३ मध्ये कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे नियम कडक झाले. लोकलच्या डब्यात विडी पेटवणाऱ्याला आज चार माणसं हटकतात, ती या निकालाची पुण्याई.

बोटीवर घोडं पेंड खातं ते इथेच. क्रूझचं जहाज फ्लोरिडातून सुटतं, त्यावर झेंडा बहामाचा किंवा पनामाचा, आणि भर समुद्रात नियम कंपनीचा. कर्मचाऱ्याचा करार काही महिन्यांचा. पुढचा मिळेल की नाही या धास्तीत तो कुणाकडे दाद मागणार? त्या कर्मचाऱ्यांत आजही गोव्याची नि कोकणची मुलं आहेत.

एका कंपनीने हिंमत केली होती, हे सांगायला हवं. कार्निव्हलचं ‘पॅरडाइस’ हे जहाज १९९८ मध्ये संपूर्ण धूरमुक्त म्हणून निघालं. प्रवाशांना आणि कर्मचाऱ्यांना एकच नियम. कुणी सिगारेटसह सापडला तर २५० डॉलर दंड आणि पुढच्या बंदरावर रवानगी, परतीचा खर्च त्याचा त्याने करायचा. नियम नुसता कागदावर नव्हता, लोकांना खरोखर उतरवण्यात आलं. आमच्यासारख्यांना हे स्वर्गच. पण २००४ मध्ये प्रयोग गुंडाळला गेला. सिगारेट न ओढणारे लोक बारमध्ये कमी पितात आणि कॅसिनोत कमी खेळतात, असा कंपनीचा अनुभव होता. तिकिटाचे पैसे दोघेही सारखेच देत, फरक पडत होता तो वरच्या कमाईत.

मग आग आली. २३ मार्च २००६च्या पहाटे ‘स्टार प्रिन्सेस’ हे जहाज जमैकाच्या माँटेगो बेकडे चाललं होतं. एका बाल्कनीत पेट घेतला आणि प्लॅस्टिकच्या आडभिंती व खुर्च्यांमुळे आग बघता बघता वरच्या मजल्यांवर चढली. एका प्रवाशाचा जीव गेला, ७९ केबिन निकालात निघाल्या. बहुधा कुणीतरी टाकलेलं सिगारेटचं थोटूक याला कारणीभूत झालं, असा चौकशीचा निष्कर्ष होता. यानंतर बाल्कनींसाठी आंतरराष्ट्रीय अग्निसुरक्षा नियम बदलले आणि पुढच्या काही वर्षांत एकामागून एक कंपन्यांनी बाल्कनीतली सिगारेट बंद केली: प्रिन्सेसने २०१२ मध्ये, रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हलने २०१४ मध्ये. खोकणाऱ्या प्रवाशांच्या तक्रारी त्याआधीही होत्याच.

राहिला कॅसिनो. तिथे अनेक जहाजांवर आजही सिगारेट चालते, कारण स्मोकिंग रूममधले ते तिघे सोबती अजून एकत्र राहतात. फरक इतकाच, की जुनी खोली एका टोकाला होती आणि कॅसिनो अनेकदा भर रस्त्यात असतो. मुलीबरोबर मी एका क्रूझवर गेले होते, कंपनीचं नाव काढत नाही. जेवणघरातून नाट्यगृहात जायचा रस्ता कॅसिनोमधून. “आई, वरच्या डेकवरून जाऊ,” असं म्हणत लेक मला रोज दोन मजले चढवून पलीकडे उतरवायची. केबिन मधल्या चौकाजवळ होती. अनेक मजली उघडा चौक धुरांड्यासारखं काम करतो, खालचा धूर वर ओढून घेतो. तक्रार केली तर काउंटरवरच्या पोरीने अतिशय गोड बोलून सुवासिक फवारा दिला, म्हणजे आगीतून फुफाट्यात. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांचं काय, असं कुणी विचारेल. वायुवीजन क्षेत्रातल्या अमेरिकी अभियंत्यांच्या ‘ॲशरे’ या संस्थेने २००५ मध्येच सांगून टाकलं आहे, की आतल्या जागेतल्या धुराचा धोका घालवायचा तर आत धूम्रपान बंद करणं हाच उपाय आहे.

तर दीडशे वर्षांचा हिशेब असा. बोटीवर धुराला आवर बसला तो कधी शिष्टाचारासाठी, कधी आगीच्या भीतीने. तो मोकळा सुटला आणि टिकला तो पैशासाठी. आजाऱ्याच्या सांगण्यावरून फारसं काही हललं नाही. म्हणून तुमच्यापैकी ज्यांना दमा आहे, घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस आहे, त्यांनी बोटीवर चढल्यावर तक्रार करण्यात दम घालवू नये. तिकीट काढण्याआधी तीन प्रश्न विचारा. कॅसिनोत सिगारेट चालते का आणि तो कोणत्या डेकवर आहे? उघड्या डेकवर ओढणाऱ्यांची जागा कुठे ठरवली आहे? जेवणघरातून नाट्यगृहात जायला दुसरा रस्ता आहे का? केबिन चौकापासून दूर आणि कॅसिनोच्या थेट वर नसलेली मागा. उत्तरं लेखी घ्या. ती मिळाली नाहीत तर पैसे दुसऱ्या कंपनीला द्या, आणि का दिले तेही पहिलीला कळवा. गेलेल्या गिऱ्हाइकाचं पत्र या धंद्यात वाचलं जातं.