हजेरी आणि ओळख

उमापूर हे गेवराई तालुक्याच्या शिवेवरचे गाव. पलीकडे शेवगाव तालुका लागतो. आज ही शीव ओलांडताना कोणाच्या ध्यानातही येत नाही. परंतु सप्टेंबर १९४८ पर्यंत अलीकडे निजामाचे राज्य होते आणि पलीकडे १९४७ पर्यंत इंग्रजांचा नगर जिल्हा. एका राज्यात घरफोडी करून दुसऱ्या राज्यात मुक्कामाला जाणे चोरास सोपे होते. गुन्हेगार परस्परांच्या स्वाधीन करण्याविषयी दोन्ही सरकारांमध्ये १८६७ साली करार झाला, तो काही हौसेने झाला नव्हता. अशा सीमेवर पोलिसांची नजर साहजिकच फिरत्या माणसावर असे. पालात राहणारा, आज येथे तर उद्या तेथे जाणारा, तो संशयित. चोरी कोणी केली हे शोधण्याआधी पाल कोणाचे पडले आहे, हे विचारले जाई.

हे सांगण्याचे कारण असे की, पोलिसांनी तरुणांशी स्नेह जोडावा, त्यांस वाममार्गास लागण्यापूर्वीच आवरावे, ही गोष्ट आजकाल नवी म्हणून सांगितली जाते. ती नवी नाही. आमच्या मुलखात तिला दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो सरळ मुळीच नाही.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती आला, तेव्हा सातमाळा आणि सातपुडा यांच्या दऱ्यांतले भिल्ल त्यांस आवरेनात. पलटणी धाडल्या, नाईक पकडले, कित्येकांस फाशी दिले. परंतु एक टोळी मोडावी तो दुसरी उभी राही. शेवटी मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने १८२५ मध्ये निराळा मार्ग धरला. मागील गुन्ह्यांची माफी, शेतीसाठी जमीन व तगाई, आणि भिल्ल तरुणांचीच एक पलटण. तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. त्यांपैकी दक्षिणेकडची कन्नडची, म्हणजे आपल्या मराठवाड्यातली. पलटण उभारण्याचे काम जेम्स औट्रम या अधिकाऱ्याकडे आले. त्याचे वय त्या वेळी अवघे बावीस! त्याने काय केले? तो भिल्लांबरोबर शिकारीस गेला, त्यांच्यात राहिला. सुरुवातीस हाताशी आले ते नऊ जण. पुढे धरणगावी त्यांची पलटण उभी राहिली. तोफांनी जे झाले नाही ते या सहवासाने बरेचसे झाले, हे इंग्रजांचे कौतुक म्हणून नव्हे, तर घडले म्हणून सांगावयाचे. त्यात सरकारचा स्वार्थ होताच. याच पलटणीकरवी पुढे भिल्लांचाच बंदोबस्त व्हावयाचा होता.

हा जिव्हाळा किती पातळ होता, हे नगर जिल्ह्यात तीस-बत्तीस वर्षांनी दिसले. भागोजी नाईक हा भिल्ल नगरच्या पोलिसांतच अंमलदार होता. १८५५ साली दंगा व पोलिसांस अटकाव केल्याच्या आरोपावरून त्यास शिक्षा झाली. सुटल्यावर चांगल्या वर्तणुकीचा एक वर्षाचा जामीन मागण्यात आला. ते वर्षही त्याने काढले. परंतु मुदत संपून फार दिवस झाले नाहीत, तोच मॅजिस्ट्रेटचा एक हुकूम सुटला आणि भागोजीने गाव सोडले. नांदूर शिंगोटे हे त्याचे गाव आता सिन्नर तालुक्यात आहे. तेथून मैलभरावर, पुणे-नाशिक रस्त्याच्या तोंडावर, पन्नासएक माणसे घेऊन तो बसला. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी तेथे चालून गेलेला नगरचा पोलीस सुपरिंटेंडेंट हेन्री मारला गेला. भागोजीस गाठावयास नोव्हेंबर १८५९ उजाडला; आणि तोही लढतच पडला. ज्या माणसाने कालपर्यंत सरकारी पट्टा बांधला होता, त्याच्याविषयी पोलिसांनी हे पेचाचे प्रकरण केवळ जामीन आणि हुकूम यांवर सोपवले. औट्रमची शिकार कोणास आठवली नाही.

पुढचे पाऊल तर उलटेच पडले. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू करता येऊ लागला. एखादी जमातच्या जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करावयाची, नावे नोंदवावयाची, आणि हजेरी लावावयाची. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून काढून निराळ्या वसाहतीत ठेवण्याची मुभा सरकारास दिली. आता हेही प्रतिबंधच म्हणावयाचे! गुन्हा घडण्याआधीच उपाय. चार वर्षांच्या पोरावर.

सोलापूरची तारेच्या कुंपणातली वसाहत लोकांच्या तोंडी ‘सेटलमेंट’ म्हणून राहिली. तेथील पुष्कळ लोक गिरणीत कामास जात, मुलांस शाळा होती, कसब शिकवले जाई. त्या शाळेमुळे काही घरांत प्रथमच अक्षर आले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु शाळेचा मुलगाही संध्याकाळी कुंपणाच्या आतच मोजला जाणार होता. शिक्षण आणि हजेरी एकाच हाताने देता येत नाही, असे आमचे मत आहे. मुंबई राज्याने हा कायदा १९४९ मध्ये काढला. सबंध देशातून तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. कायदा गेला, संशय मात्र गेला नाही. पारध्याच्या पोरास रात्री रस्त्यात कोणी हटकले, तर पहिला प्रश्न त्याच्या जातीचा असतो, हे सांगावयास या भागात साक्षीदार नको.

स्वातंत्र्यानंतरचे प्रयोग निराळ्या वळणाचे आहेत. निजामाच्या अमदानीत आमच्याकडे माली पाटील आणि पोलीस पाटील असे दोन वतनदार असत. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाची वंशपरंपरा संपली आणि गावातला कोणीही लायक माणूस नेमता येऊ लागला. २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम निघाली. भांडण ठाण्यात पोचण्यापूर्वी पारावर मिटावे हा हेतू. तिने किती तंटे मिटवले आणि किती नुसते दाबले, हा वादाचा विषय आहे.

आम्हांस अधिक बोलके वाटते ते सोलापूर ग्रामीण पोलिसांचे ‘ऑपरेशन परिवर्तन’. २०२१ मध्ये अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या कारकीर्दीत ते सुरू झाले. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टी पिढ्यान्‌पिढ्या चाललेली. छापा घालावा, रसायन ओतून द्यावे, आठ दिवसांनी भट्टी पुन्हा पेटावी, असा क्रम. येथे एकेका अधिकाऱ्याने एकेक गाव दत्तक घेतले. छापे थांबले नाहीत. पण छाप्याबरोबर घरी जाऊन बोलणे आले आणि दुसरा रोजगार मिळवून देण्याची खटपट आली. ज्या सोलापुरात कुंपण होते, त्याच जिल्ह्यात हे घडले, एवढे ध्यानात ठेवावे.

बालकांपुरता कायदाही आता बदलला आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी असावयास हवा. म्हणजे आपल्या चकलांब्याच्या ठाण्यातही. मुलास बेडी घालावयाची नाही, कोठडीत ठेवावयाचे नाही. फार गंभीर गुन्हा नसेल तर फिर्यादच नोंदवावयाची नाही. रोजनाम्यात टिपण करावयाचे आणि मुलाच्या घरची परिस्थिती लिहून मंडळापुढे ठेवावयाची. त्या मुलाशी बोलताना अधिकाऱ्याने, होता होईल तो, गणवेश घालू नये, असेही नियमांत सांगितले आहे.