भोकं पाडलेली झांज

झिल्जियन या आडनावाचा अर्थ ‘झांजवाल्याचा वंशज’. तुर्कीत ‘झिल’ म्हणजे झांज, ‘जी’ म्हणजे ती करणारा, आणि शेवटचा ‘यान’ हा आर्मेनियन आडनावांचा नेहमीचा प्रत्यय. आपल्याकडे तांबट, कासार ही आडनावं आली तसंच हे. फरक एवढाच की, घराण्यात सांगतात त्याप्रमाणे, हे आडनाव थेट ऑटोमन सुलतानाने दिलं.

गोष्ट 1618 सालची. अवेदिस नावाचा एक आर्मेनियन किमयागार कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, सोनं बनवायच्या नादात होता. तांबं आणि कथील वितळवताना सोनं काही झालं नाही, पण असा मिश्रधातू हाती आला की त्याची पातळ तबकडी ठोकली तरी तडकत नव्हती आणि वाजवली की आवाज लांबवर घुमत राहायचा. 1623 साली त्याला राजवाड्याबाहेर, समात्या या आर्मेनियन वस्तीत, स्वतःची भट्टी टाकायची परवानगी मिळाली. त्या भट्टीचा धंदा आज अमेरिकेत चालू आहे. चारशे वर्षं एकाच कुटुंबात.

गिऱ्हाईक कोण होतं? मुख्यतः फौज. जॅनिसरी सैनिकांबरोबर चालणारं ‘मेहतर’ नावाचं वाद्यपथक होतं. त्यात दावूल नावाचे मोठे ढोल, झुर्ना, कर्णे, नक्कारे आणि झिल. नक्कारा म्हणजे आपलाच नगारा. शब्द अरबी-फारसीतून दोन्हीकडे गेला. रणांगणावर या पथकाची दोन कामं होती: आपल्यांना हुरूप देणं आणि समोरच्यांच्या पोटात गोळा आणणं. या दुसऱ्या कामासाठी झांजेइतकं सोयीचं वाद्य नाही. थोडक्यात, ही वस्तू शांत बसायला जन्मलेलीच नव्हती.

युरोपने तिची भीती घेतली आणि मग हौसही घेतली. 1782 साली मोझार्टने तुर्की जनानखान्यावरच्या आपल्या ऑपेरात झांजा वाजवल्या, हायडनने शंभराव्या सिंफनीत वाजवल्या, आणि 1824 साली बेथोवनने नवव्या सिंफनीच्या शेवटच्या भागात. 1826 मध्ये सुलतान दुसऱ्या महमूदने जॅनिसरींचं दलच मोडीत काढलं. मेहतरही गेलं. झांज मात्र तोवर शत्रूच्या ऑर्केस्ट्रात बसलेली होती, त्यामुळे वाचली. 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात याच घराण्यातला दुसरा अवेदिस स्वतःच्या झांजा घेऊन गेला होता.

हे सगळं मी वाचायला घेतलं त्याचं कारण अगदी घरगुती आहे. मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते आणि ड्रम वाजवते. या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. निवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45. साधा ड्रमसेट जोरात वाजवला की वाजवणाऱ्याच्या कानाशी आवाज सहज 100 च्या वर जातो. शेजाऱ्यांचं सोडा, खुद्द कानांसाठीही हे वाईट आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्याच्या शिफारशीप्रमाणे 85 डेसिबलमध्ये आठ तास चालतील, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. 100 डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटांत तर माझे हातही गरम होत नाहीत.

ड्रमचं तोंड गप्प करणं सोपं आहे. चामड्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या पडद्याऐवजी जाळीचा पडदा ताणला की काठी तशीच उसळते आणि आवाज टिचकीएवढा येतो. 1990 च्या दशकाच्या शेवटी रोलंडच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमवर ही जाळी आली. अडतं ते झांजेपाशी, कारण ड्रममध्ये आवाज पडद्याचा आणि आतल्या पोकळीचा असतो. झांजेत मात्र धातू हाच आवाज. तो काढून घेतला तर उरतं काय?

इथे थोडं धातूकडे बघावं लागतं. चांगल्या झांजेत 80 भाग तांबं आणि 20 भाग कथील असतं. आपलं कासंही जवळपास हेच, साधारण 78 आणि 22. वारीतले टाळ, देवळातली घंटा आणि पायाला तूप लावून घासायची काशाची वाटी ही सगळी समात्यातल्या त्या भट्टीची चुलत भावंडं. कथील एवढं असलं की धातू ठिसूळ होतो, काशाचं भांडं पडलं की फुटतं ते याचमुळे. गंमत म्हणजे पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं, आणि कासं तापवून पाण्यात बुडवलं की उलट मऊ पडतं, ठोकता येतं. ही युक्ती आपल्या कासारांना ठाऊक होती आणि झांजवाल्यांनाही. म्हणून ‘एका घराण्याचं गुपित’ ही कथा मला ऐकायला आवडते, पण पूर्ण पटत नाही. गुपित असेल तर ते प्रमाणात कमी आणि हातात जास्त असणार.

अशा तबकडीवर काठी पडली की आधी मोठ्या, संथ लहरी उठतात आणि त्यांची ऊर्जा भराभर बारीक, वेगवान लहरींत वाटली जाते. ठोक्यानंतर क्षणभराने जो ‘श्शऽऽ’ असा पसारा फुलतो तो हाच. तबकडी पुढे जाताना हवा ढकलते, मागे येताना ओढते, आणि तो धक्का खोलीभर पसरतो.

आता तिला शेकडो बारीक भोकं पाडा. पुढे ढकललेली हवा भोकांतून मागे निसटते. ढकलायला पृष्ठभाग कमी, वजन कमी, आणि पसारा लवकर विझतो. काठीची ‘टिक’ मात्र बरीचशी टिकते. झिल्जियन कंपनीने आधी इलेक्ट्रॉनिक जोडणीच्या झांजांसाठी भोकं पाडली, आणि 2010 च्या दशकात एल-80 नावाने नुसत्या सरावाच्या झांजा काढल्या. ज्या घराण्याने चारशे वर्षं आवाज लांब जावा म्हणून घण मारले, त्यानेच तो जाऊ नये म्हणून ड्रिल हातात घेतलं. मला यात अपमान दिसत नाही. गिऱ्हाईक बदललं; फौजेऐवजी फ्लॅटवाले आले.

नावातला 80 म्हणजे ‘80 टक्क्यांपर्यंत कमी आवाज’. हा आकडा जरा खाजवून बघण्यासारखा आहे. टक्के कशाचे? ऊर्जेचे असतील तर फरक फक्त 7 डेसिबल, हवेच्या दाबाचे असतील तर 14, आणि कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे असतील तर ढोबळमानाने 23. सात डेसिबलने कुणाच्याही शेजाऱ्याचं समाधान होणार नाही. तेवीसने होऊ शकेल. म्हणून खोक्यावरचा आकडा सोडून द्यावा आणि दुकानात मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप लावून एकच ठोका साध्या झांजेवर व भोकांच्या झांजेवर मारून बघावा. मोबाइलचा आकडा अचूक नसतो, फरक मात्र कळतो.

दुसरी कंपनी म्हणजे सेबियन, आणि तिचा जन्म भावाभावांच्या भांडणातला. मधल्या काळात बरंच घडलं होतं. ऑटोमन राज्यात आर्मेनियनांचे दिवस फिरले तशी घराण्यातली माणसं पांगली. अवेदिस तिसरा अमेरिकेत जाऊन मिठाईच्या धंद्यात पडला. 1927 मध्ये त्याचा काका अराम याने पत्र पाठवलं की आता वारसा तुझा. पठ्ठ्याला गोळ्या-चॉकलेटं सोडायची नव्हती, पण अखेर 1929 साली बोस्टनजवळ क्विन्सीत झांजांचा कारखाना उभा राहिला. 1979 मध्ये तो गेल्यावर त्याच्या मुलांत वाटणीचा वाद झाला. धाकट्या रॉबर्टने कॅनडातल्या मेडक्टिक गावचा कारखाना घेतला आणि स्वतःच्या सॅली, बिल आणि अँडी या मुलांच्या नावांची अक्षरं जुळवून 1981 मध्ये सेबियन हे नाव केलं. पुढे त्यांनीही भोकांच्या झांजा काढल्या. शिवाय बाजारात स्टीलच्या, नाव नसलेल्या पुष्कळ आहेत. त्या दिसायला सारख्याच, पण मी वाजवल्या त्यांचा आवाज स्टीलच्या ताटलीवर चमचा पडल्यासारखा होता.

निवडताना मी इतिहासाचाच आधार घेतला. 1940 च्या दशकात केनी क्लार्कसारख्या बीबॉप वादकांनी ताल धरायचं काम पायाच्या मोठ्या ड्रमवरून उचलून राइड झांजेवर नेलं. तेव्हापासून ड्रमवाल्याचा उजवा हात तिथेच राहतो. म्हणून पैसे कमी असतील तर ते क्रॅशवर घालवू नका. राइड आणि हाय-हॅट चांगले घ्या. संचात 18 इंची क्रॅश-राइड येते, ती दोन्ही कामं करते खरी, पण जॅझचा ताल शिकायचा असेल तर 20 इंची वेगळी राइड बरी, कारण तिच्यावर टोकाचा ठोका आणि मधल्या घुमटावरचा ठोका यांतला फरक जास्त स्पष्ट कळतो. हाय-हॅट 14 इंची घेतले. 13 इंची थोडे शांत असतात, पण नेहमीच्या सेटवर गेलं की हात चुकीच्या जागी पडतो. सरावाचा उद्देशच हातांना सवय लावणं हा असेल तर माप बदलून कसं चालेल?

रबरी पॅड आणि झांजेवर चढवायचे रबरी पट्टेही मी वापरून बघितले. पॅडला कड आणि पृष्ठ एकच लागतं. पट्टा लावला की क्रॅश, राइड, हाय-हॅट सगळे एकाच डब्याची झाकणं होतात. भोकांच्या झांजेत निदान तिघांचे स्वभाव ओळखू येतात. काठ्या हलक्या घ्या, 7ए पुरतात. पातळ, भोकं पाडलेल्या धातूवर खांद्यातून घाव घालत राहिलात तर तो कडेला तडकू शकतो.

एवढं झालं की खालच्या मजल्यावर ऐकू येतो तो पाय. मोठ्या ड्रमच्या पेडलचा धक्का हवेतून नाही, फरशीतून जातो, आणि त्याला झांजेची भोकं काहीच करू शकत नाहीत. त्यासाठी प्लायवुडचे दोन जाड तक्ते आणि मध्ये टेनिसचे चेंडू, असा चौथरा करतात. खालच्या तक्त्याला चेंडू बसतील एवढे गोल खाच पाडायचे, वरचा तक्ता नुसता ठेवायचा आणि तो भिंतीला टेकू द्यायचा नाही. माझ्या चौथऱ्यात चोवीस चेंडू आहेत. केस गेलेले, जुने, नाक्यावरच्या खेळाच्या दुकानात पिशवीभर मिळाले.