खैबरवरची पस्तीस मिनिटं

देवनारहून सायन-ट्रॉम्बे रस्त्याने मानखुर्दकडे निघालं की नौदलाच्या ‘आयएनएस तानाजी’ची पाटी लागते. दुसऱ्या अंगाला माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या टाक्या. डिसेंबर 1971 मध्ये मुंबईभर ब्लॅकआउट होता, आणि शत्रूची विमानं आलीच तर मुंबईत आधी काय पेटवतील, हे या पट्ट्यात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. त्याच आठवड्यात कराचीच्या केमाडी बंदरातल्या तेलाच्या टाक्या पेटल्या. भारतीय नौदलाच्या क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर केलेल्या हल्ल्याचा तो पराक्रम आपण दर 4 डिसेंबरला नौदल दिन म्हणून साजरा करतो. क्षेपणास्त्र सोडणाऱ्यांची बाजू त्यामुळे पाठ असते. ज्या जहाजाच्या दिशेने ते निघालं होतं, तिथे काय चाललं होतं ते इथे मांडतो आहे. आजच्या बहुतेक युद्धनौकांवर क्षेपणास्त्र पाडणारी जी स्वयंचलित तोफ दिसते, ती का लागते याचं उत्तर त्या जहाजावर मिळतं.

वेळा कराचीच्या घड्याळाच्या आहेत. मुंबईत अर्धा तास पुढे धरावा.

3 डिसेंबर, संध्याकाळ

पाकिस्तानी हवाई दलाने पश्चिम सीमेवरच्या भारतीय विमानतळांवर हल्ले केले आणि युद्धाला तोंड फुटलं. कराचीसमोरच्या समुद्रात पाकिस्तानी नौदलाच्या गस्ती सुरू होत्या. बाहेरच्या फेरीत ‘पीएनएस खैबर’ ही विनाशिका, आतल्या फेरीत ‘मुहाफिज’ ही सुरुंग काढणारी नौका.

खैबर मूळची ब्रिटिश ‘एचएमएस कॅडिझ’. 1944 साली पाण्यात उतरलेली, 1956 मध्ये पाकिस्तानने विकत घेतलेली. जर्मन आणि जपानी विमानं डोळ्यांसमोर ठेवून तिची आखणी झाली होती. तिच्या 40 मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा एका नळीतून मिनिटाला साधारण 120 गोळे टाकत. त्या काळी हा चांगला वेग होता.

4 डिसेंबर, दिवसभर

कराचीच्या दक्षिणेला सुमारे 250 सागरी मैलांवर भारतीय गट दबा धरून होता. ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन क्षेपणास्त्र बोटी, सोबतीला ‘किलतान’ आणि ‘कच्छल’, शिवाय तेल पुरवणारी ‘पोषक’. क्षेपणास्त्र बोटींच्या ताफ्याचे प्रमुख कमांडर बब्रुभान यादव निपातवर होते. पाकिस्तानी विमानांना रात्री बॉम्बफेक फारशी जमत नव्हती, म्हणून सूर्य मावळायची वाट पाहायची असं ठरलेलं होतं.

या बोटी सोव्हिएत बनावटीच्या, जेमतेम 39 मीटर लांब. मुंबईच्या गोदीत त्या उचलायला पुरेशी ताकदवान क्रेन नव्हती म्हणून कोलकात्यात उतरवून ओढत मुंबईला आणलेल्या. बंदराच्या रक्षणासाठी घेतलेल्या या आखूड पल्ल्याच्या होड्या थेट शत्रूच्या दारात न्यायच्या, ही कल्पनाच मुळात धाडसी होती. प्रत्येकीवर चार स्टिक्स क्षेपणास्त्रं. एकाच्या टोकाला सुमारे अर्धा टन स्फोटकं, पल्ला 40 किलोमीटरच्या आसपास, वेग आवाजापेक्षा किंचित कमी.

आणखी एक गोष्ट या बोटींवर होती आणि तिच्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. पुढे एक आणि मागे एक, एके-230 नावाची 30 मिलिमीटरची जुळी तोफ. रडार लक्ष्य धरून ठेवी आणि तोफ त्याच्यामागे आपोआप वळे. चार वर्षांपूर्वी, 21 ऑक्टोबर 1967 रोजी, इजिप्तच्या बोटींनी याच स्टिक्सने इस्रायलची ‘एलात’ ही विनाशिका पोर्ट सैदसमोर बुडवली होती. 47 जण मेले. तेव्हापासून जगातल्या सगळ्या नौदलांना कळून चुकलं होतं की माणसाने नेम धरायच्या तोफेचे दिवस भरत आले. कळणं आणि जहाजावर तशी तोफ बसवणं यांत मात्र पैसा आणि वर्षं जातात.

19:05

कराचीच्या नौदल मुख्यालयाने खैबरला कळवलं: काठेवाडच्या किनाऱ्याजवळ समुद्रात काहीतरी हलतं आहे. किनाऱ्यावरच्या रडारने टिपलं होतं. म्हणजे कराची झोपेत पकडली गेली, ही आपल्याकडची आवडती कथा पूर्ण खरी नाही.

20:10

रडारच्या पडद्यावर आणखी ठिपके. अंतर कराचीपासून सुमारे 100 मैल, रोख कराचीकडे.

22:15

खैबरला शोध घेण्याचा हुकूम मिळाला. तिने तोंड फिरवलं, वेग वाढवला. एका जुन्या विनाशिकेचा कप्तान याहून वेगळं काय करणार होता? ठिपक्यांच्या दिशेने जायचं, तोफांच्या टप्प्यात आणायचं आणि लढायचं. फक्त समोरच्याचा टप्पा आपल्याहून बराच जास्त आहे, हे त्याच्या रडारवर उमटत नव्हतं.

22:30

भारतीय गट कराचीच्या दक्षिणेला सुमारे 70 सागरी मैलांवर पोहोचला होता. बोटींच्या रडारवर वायव्येला एक लक्ष्य, ईशान्येला आणखी काही. वायव्येचं निर्घातच्या वाट्याला आलं.

22:45

खैबरच्या उजव्या बाजूला अंधारात एक प्रखर उजेड दिसला आणि तो जवळ येऊ लागला.

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं या क्षणातून निघालं. स्टिक्स सेकंदाला साधारण 300 मीटर कापतं. पूर्ण पल्ल्यावरून सोडलं तरी दोन मिनिटांच्या आसपास येऊन धडकतं. ते पाण्याला चिकटून जात नाही, बरंच वरून येतं, शिवाय मागे ज्वाळा असते. खैबरवरच्या माणसांना ते दिसलं ते त्यामुळेच. पाहणाऱ्यांनी ते पाहिलं, तोफा त्या दिशेला वळल्या, गोळे सुटले. कुणी पळालं नाही, कुणी गोठून उभं राहिलं नाही.

त्यांनी त्याला विमान मानलं.

विमान म्हटलं की तोफचीचा हिशोब एका विशिष्ट पद्धतीने चालतो. विमान मोठं असतं, ते बॉम्ब टाकायला वर येतं, वळतं, गोळ्यांचा पडदा समोर आला की वैमानिक बिचकतो. स्टिक्सच्या आत बिचकणारं कुणी नव्हतं. त्याचं स्वतःचं रडार शेवटच्या टप्प्यात जहाज हुडकतं आणि सरळ त्यात घुसतं.

क्षेपणास्त्र मागच्या मुदपाकखान्याच्या खाली, वीजतंत्रींच्या निवासकक्षात फुटलं. इंजिनं थांबली, वीज गेली, पहिली बॉयलर रूम पेटली, जहाज काळ्या धुरात बुडालं. त्या अंधारातून मुख्यालयाला संदेश गेला की शत्रूच्या विमानाने हल्ला केला आहे, पहिला बॉयलर निकामी, जहाज थांबलं आहे. संदेशात दिलेलं ठिकाणही चुकलं. आपल्यावर काय आदळलं हे त्यांना फुटल्यानंतरही कळलं नव्हतं.

22:49 च्या सुमारास

दुसरा उजेड. निर्घातने आणखी एक स्टिक्स सोडलं होतं. वीज नसलेल्या, जळत्या जहाजावरच्या बोफोर्सनी त्यावरही गोळे टाकले. हे वाचताना शत्रू-मित्र बाजूला राहतं. स्टिक्स दुसऱ्या बॉयलर रूममध्ये घुसलं.

23:00 ते 23:20

जहाज सोडण्याचा हुकूम झाला. 23:20 ला खैबर बुडाली. 222 नौसैनिक गेले.

दरम्यान निपातने ‘व्हीनस चॅलेंजर’ या मालवाहू जहाजावर मारा केला होता आणि वीरने मुहाफिजवर. मुहाफिज लाकडी बांध्याची होती. चुंबकीय सुरुंगांनी ओढलं जाऊ नये म्हणून तशा नौका लाकडाच्या करत. सुरुंगापासून वाचवणारं तेच लाकूड स्टिक्सपुढे क्षणात विखुरलं. 33 जण मेले आणि संदेश पाठवायलाही वेळ मिळाला नाही. निपात पुढे केमाडीकडे गेली. तिथल्या आगीचं श्रेय हवाई दलाच्या हंटर विमानांचं किती आणि नौदलाचं किती, हा वाद वेगळा.

5 डिसेंबर

‘सदाकत’ ही गस्ती नौका वाचलेल्यांना शोधायला निघाली. ठिकाण चुकलेलं असल्याने खैबरच्या माणसांपर्यंत पोहोचायला उशीर झाला. वाटेत पाण्यावर काही जळताना दिसलं म्हणून ती तिकडे वळली. ते मुहाफिजचे अवशेष होते. आपली दुसरी नौकाही गेली, हे कराचीला असं समजलं.

6 डिसेंबर, पहाट

माझ्या मते या घटनाक्रमातली सर्वांत बोलकी नोंद हीच. भारतीय क्षेपणास्त्र बोट पुन्हा आली असा गलका झाला, पाकिस्तानी सेबर विमानं झेपावली आणि त्यांनी आपल्याच ‘पीएनएस झुल्फिकार’वर गोळीबार केला. झुल्फिकार ही फ्रिगेट भारतीय क्षेपणास्त्र बोटींच्या दुपटीहून लांब होती, आणि आता उजाडतही होतं.

17 मे 1987, रात्री नऊनंतर

खैबर बुडाल्यावर साडेपंधरा वर्षांनी, इराणच्या आखातात, अमेरिकेची ‘यूएसएस स्टार्क’. इथे स्वयंचलित तोफ होती. फॅलँक्स: सहा नळ्या, 20 मिलिमीटर, स्वतःचं रडार. हे यंत्र येणारं क्षेपणास्त्रही पाहतं आणि स्वतःच्या गोळ्याही पाहतं, दोन्हींतला फरक मोजून नेम सुधारत जातं. खैबरच्या माणसांना हवं होतं ते सगळं. इराकी विमान बराच वेळ रडारवर दिसत होतं. इराक त्या वेळी अमेरिकेचा शत्रू नव्हता, त्यामुळे विमान ओळखीचंच मानलं गेलं. दोन एक्झोसेट क्षेपणास्त्रं आली आणि टेहळ्याने डोळ्यांनी पाहिली तेव्हा सेकंद उरले होते. 37 नौसैनिक मेले. फॅलँक्स ‘स्टँडबाय’वर होती, तिने एक गोळी झाडली नाही.

30 जानेवारी 2024

तांबड्या समुद्रात हूथींनी सोडलेलं क्रूझ क्षेपणास्त्र ‘यूएसएस ग्रेव्हली’पासून मैलभरावर आलं. या वेळी फॅलँक्स चालू होती आणि तिने ते पाडलं.

माझगाव गोदीत बांधलेल्या ‘विशाखापट्टणम’, ‘मुरगाव’, ‘इम्फाळ’ आणि ‘सुरत’ या विनाशिकांवर आज एके-630 आहे, 1971 च्या त्या जुळ्या तोफेची वारसदार. सहा नळ्या, मिनिटाला 5000 च्या आसपास गोळ्या, 2000 गोळ्यांचा साठा. सलग झाडल्या तर तो अर्ध्या मिनिटाच्या आत संपतो. मारा साधारण 4 किलोमीटरपर्यंत. स्टिक्सच्या वेगाचं क्षेपणास्त्र हे अंतर तेरा सेकंदांत पार करतं, ब्रह्मोसच्या वेगाचं चार-पाच सेकंदांत. इतक्या वेळात ब्रिजवरच्या अधिकाऱ्याला विचारून परवानगी घेता येत नाही. ती आधीच द्यावी लागते, आणि ती दिली की समोर आपलंच विमान आलं तरी यंत्र थांबेलच असं नाही. स्टार्क आणि झुल्फिकार या दोन चुकांच्या मध्ये कुठेतरी या परवानगीचा खटका ठेवायचा असतो.

नौदल दिनाच्या आसपास मुंबईच्या गोदीत काही युद्धनौका लोकांना पाहायला खुल्या करतात. मुलांना घेऊन गेलात तर ब्रह्मोसच्या झाकणांपाशी फोटो काढून लगेच उतरू नका. बाजूच्या त्या बुटक्या, सहा नळ्यांच्या तोफेपाशी जा आणि तिथे उभ्या असलेल्या नौसैनिकाला विचारा, ही ‘ऑटो’वर कधी टाकतात आणि तो हुकूम कोण देतं.